डाव्या बाजूचा गंज

२ जानेवारी

साखर कारखान्यातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी नव्या सालाची डायरी त्यांनी ह्याही वेळी पाठवली. आजवर ह्या डायऱ्यांची पानं फाडून आमची मंडळी कौसल्या नातवाला होड्या करून द्यायची. ह्या वर्षी तिला बजावलं, हात लावायचा नाही, ह्यात मी जीपचं काम लिहिणार. पहिल्या पानावर नाव घातलं: दादासाहेब गेणू, ड्रायव्हर, शेतकी खातं (निवृत्त). शोभून दिसतंय.

काम असं आहे. जीपचं रीपासिंग तोंडावर आलंय. बारामतीला आरटीओत नेऊन दाखवायची. साहेब पास म्हणाला तर अजून पाच वर्षं गाडी आपली, नापास म्हणाला तर भंगारात. आमचा इंद्रजित बारामतीत एमआयडीसीत असतो. तो फोनवर म्हणाला, "आबा, द्या की सोडून. पत्रा सगळा गंजलाय."

मी म्हटलं, "तू चड्डीत हुतास तवापासनं मी ही जीप चालवतोय. कारखान्यानं लिलावात काढली तवा दुसऱ्याला हात लावू दिला न्हाय. आता भंगारवाल्याला देऊ व्हय? गंज वरवरचा हाय. घासायचा, रंग मारायचा, इषय संपला."

"गॅरेजला तरी द्या."

गॅरेजला! मी जिवंत असताना! घरीच करणार. ह्या जीपशिवाय मी कोण, शेळगावच्या वस्तीवरचा एक म्हातारा. जीपमध्ये बसलो की अजून लोक वाट सोडतात.

४ जानेवारी

जीप धुतली. मडगार्डच्या आत हात घातला तर उसाच्या रानातली काळी माती निघाली, वाळून दगड झालेली, तिच्यात पाचटाचे तुकडे. कुणाच्या रानातली, कुणाला ठाऊक. इंदापूर तालुक्यात मी चाक घातलं नाही असं रान नाही.

धुऊन झाल्यावर लांब उभा राहून बघितलं आणि हादरलोच. उजवी बाजू कशी, वराला बसवून मिरवणूक काढावी अशी. आणि डावी? पुढच्या मडगार्डपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ओरखडेच ओरखडे, आणि प्रत्येक ओरखड्यात गंज. एकच गाडी, एकच ऊन, एकच पाऊस. मग हे काय?

बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी उलगडा झाला. गाडी उभी करतो तेव्हा डावी बाजू पाटाकडं येते. पाटाची ओल लागते. दुसरं काय असणार!

कौसल्याला हे सांगितलं. ती गोठ्यातून आली, हात पदराला पुसले आणि डाव्या बाजूवरून बोट फिरवत चालली. "हितं फाटक घासलंय. ही पाण्याची टाकी. ह्यो चिंचंचा बुंधा."

"फाटक गवंड्यानं वाकडं बसवलंय," मी म्हटलं.

"आणि चिंच कुणी वाकडी बसवली?"

हिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. पुन्हा माझ्याकडंच टक लावून बघत उभी. काय बघतीस म्हटलं, तर म्हणे काय न्हाय.

७ जानेवारी

डिझेल वाचवायला इंदापूरला एस.टी.नं जाऊन सामान आणलं. तारेचा ब्रश, जाड आणि बारीक पॉलिश पेपर, थिनर, अस्तराला लाल रेड ऑक्साइड, पुट्टी आणि हिरवा रंग. दुकानदार म्हणाला, काका, डोळ्याला चष्मा लावून घासा, गंज उडतो. म्हटलं, मला शिकवू नको.

घरी आलो, सहज जीपमध्ये बसलो, तर दोन्ही गुडघे स्टेअरिंगला आपटले! सीट पुढं सरकवलेली. ही सीट मी गेल्या कित्येक वर्षांत हलवलेली नाही. आरसा बघितला तर त्यात रस्ता दिसायच्या ऐवजी माझी छातीच दिसतेय. अंगावर काटा आला. दिवसाढवळ्या चोर?

कौसल्याला हाक मारली. ती शांतपणे म्हणाली, "मीच आतनं झाडून घेतली. सीटखाली पाचटच पाचट हुती."

तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. पण झाडायला आरसा कशाला हलवायचा? बायकांना एखाद्या गोष्टीला हात लावल्याशिवाय राहवत नाही. सीटखाली तिचा केसांचा आकडा सापडला, तो खिळ्याला अडकवून ठेवला.

१० जानेवारी

दोन दिवस घासतोय. खांदा भरून आला, पण मजा येतेय. आधी तारेचा ब्रश, मग जाड पेपर, मग बारीक. लाल भुकटी उडते आणि खालून पत्रा चमकायला लागतो तेव्हा फार बरं वाटतं. दोन ठिकाणी मात्र ब्रश थेट आरपार गेला. बोट घातलं तर पलीकडं निघालं. वरून नुसता फुगवटा दिसत होता, आतून कधीच खाऊन टाकलेलं.

कौसल्या चहा घेऊन आली. तिला समजावून सांगितलं, "गंजाचं असं असतंय. गेलेला पत्रा परत येत न्हाय. राहिलेला राखायचा. आता थांबवला तर आजून धा वर्सं काढंल."

"व्हय," ती म्हणाली. "येळंत बघितलं पायजे."

"मग मी काय करतोय?"

कप उचलताना डायरी दिसली तिला. म्हणाली, "वळी सगळ्या खाली घसरल्यात तुमच्या." आता गुडघ्यावर डायरी ठेवून लिहिल्यावर घसरणारच की!

१४ जानेवारी

संक्रांत. इंद्रजित आणि सूनबाई रेश्मा आले होते. रेश्मा चांगली पोरगी, स्वतः गाडी चालवते, माझ्याशी गिअरबॉक्सवर बोलते. पण मांजराच्या पावलांनी येते. मी ओट्यावर बसलो होतो, हात झटकला तर तिच्या हातातलं तिळगुळाचं ताट उडालं! लाडू घरंगळत अंगणात. मी दचकून ओरडलो, "अगं, आवाज तरी दे!"

ती म्हणाली, "आबा, मी मघापासनं हितंच उभी हाय. तिळगुळ द्यायला थांबले हुते की."

मग इंद्रजितनं हळूच काढलं, डोळे दाखवून घेऊ एकदा बारामतीला. माझं डोकंच फिरलं. अजून मी सुईत दोरा ओवतो! पेपर वाचतो! सणासुदीला माणसाला आंधळा ठरवायला आलात काय? रेश्मा म्हणाली, समोरचं दिसतं म्हणजे सगळंच दिसतं असं नसतं. म्हटलं, हो, माझ्या पाठीला डोळे नाहीत, ही माझी चूक.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मिळून काहीतरी शिजवतायत. जीप भंगारात घालायचाच डाव असणार.

१९ जानेवारी

बाहेरून रेड ऑक्साइड मारून झालं. आज जीपखाली पोतं टाकून आडवा झालो आणि चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, घासायला घेतला. पुढच्या चाकाच्या मागं, चेसीच्या अंगावर, एका ओळीत बारीक बारीक खड्डे. गंज माणसासारखा शिस्तीत खातो हे मला आजच कळलं! सगळे खड्डे पुट्टीनं भरले, वरून पेपर मारून आरसा केला, त्यावर रेड ऑक्साइड. साहेबानं हात फिरवला पाहिजे आणि म्हटलं पाहिजे, वा.

बल्ब खराब निघाला. उजेडाभोवती गोल रंगीत कडं दिसतं. हल्ली मालच असा येतो.

२३ जानेवारी

कौसल्या दर आठवड्याला बारामतीला जाते, गुडघ्याला शेक द्यायला. रेश्माकडं उतरते. दिवाळीपासून चाललंय. आज आली ती डावा पाय ओढत. दवाखान्यातून दुखणं घेऊन येणारी ही पहिलीच बाई! म्हटलं, दुखत होता तो गुडघा उजवा ना?

"आता डावा बी धरलाय."

जेवताना एस.टी.च्या ड्रायव्हरला नावं ठेवत होती. चढाला गाडी मागं आली म्हणे, "हाफ क्लचवर धरायची सोडून." माझा घास हातातच राहिला. हाफ क्लच! हिला? कुठं ऐकलंस म्हटलं, तर म्हणे टीव्हीवर. टीव्हीवर आता काय काय दाखवतील नेम नाही.

२६ जानेवारी

जमेल तसं लिहितो.

सकाळी शाळेत झेंडावंदनाला निघालो. जीप लाल ऑक्साइडमध्येच होती, पण म्हटलं इंजिन गरम होईल. कौसल्या पाठीमागं बसली. वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागतो तिथं कडुलिंबाखाली वळण आहे. मी दोन्हीकडं बघितलं. देवाशपथ बघितलं. रस्ता मोकळा. गाडी वळवली आणि मागून कौसल्या किंचाळली. ब्रेक मारला. डावीकडून धप्प असा आवाज.

उतरून पलीकडं गेलो तर रस्त्याकडंच्या चारीत सारजा पडलेली. आमच्या शेजारच्या मळ्यातली, गुरांच्या कडवळाचा भारा घेऊन निघालेली. भारा आमच्या चाकाखाली. बाई हातभर अंतरानं वाचली. कोपर फुटलं होतं, रक्त आलेलं.

कौसल्या चारीत उतरून तिला उठवत होती. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "रस्त्यात अशी आडवी येतीस व्हय सारजे?"

सारजा रडत नव्हती. माझ्याकडं नुसती बघत होती. "भावजी, मी आडवी न्हाय आली. लिंबाखाली उभी हुते. तुमी जावा म्हणून थांबले हुते. तुमी माझ्याकडं बघितलंसा की."

मी तिच्याकडं बघितलं नाही. तिथं कुणी नव्हतं. मी तीस वर्षं गाडी चालवली, कोंबडीचं पिल्लू कधी चाकाखाली आलं नाही. मग ही बाई आली कुठून? जमिनीतून? शेवटी म्हटलं, डोक्यावर भारा असला की माणूस झाडासारखं दिसतं, फसलो. तेच खरं असणार. पण दिवसभर कानात तो धप्प आवाज आहे.

झेंडावंदन राहिलं. घरी परत येताना कौसल्या पाठीमागं न बसता माझ्या शेजारी डावीकडं बसली आणि पूर्ण वाटभर बाहेर बघत होती.

२७ जानेवारी

किल्ली गेली! खुंटीवर असते, नाही. कौसल्याला विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडं हाय. रंग पुरा हुईस्तवर गाडी हालणार न्हाय."

चाळीस वर्षांच्या संसारात असं ती कधी बोलली नव्हती. मी थक्क. मग ओरडलो. खूप ओरडलो. जीप माझी, किल्ली माझी, तू कोण? ती शेंगा फोडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "सारजाचं कोपर बघून या आदी, मग वरडा."

मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं? आणि माझी चूक नसताना का जायचं? दोन्ही एकदम वाटतंय.

२ फेब्रुवारी

कंप्रेसर आणि रंग फवारायची गन भाड्यानं आणून हिरवा रंग मारला. डबल हात. लांबून बघितलं, काळजाला थंडावा मिळाला.

कौसल्या आली आणि डाव्या दाराशी थांबली. "हितं ऱ्हायलंय. आणि हितं. ही पट्टी तर सगळीच लाल हाय."

मी बघितलं, काही दिसेना. ती म्हणाली, "मान वळवा. अजून. आता बघा." आणि खरंच, दाराच्या कडेला वीतभर लाल ऑक्साइड तसंच होतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी, ज्यानं तिच्या डोक्यातली ऊ लांबून दाखवली असती तो मी, वीतभर लाल पट्टी सोडली? गन खराब. नोझल तिरकं मारत असणार. दुसरं काही नाही.

पुन्हा मारायला घेतलं तर ती म्हणाली ऱ्हाऊ द्या आता, वाळू द्या.

१० फेब्रुवारी

आज जे जे झालं ते मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. क्रमानं लिहितो.

आज बारामतीला गाडी दाखवायची तारीख होती. इंद्रजित येऊन चालवणार होता. सकाळीच त्याचा फोन, शिफ्ट बदलली, येत नाही. मनात म्हटलं, बरं झालं. आंघोळ करून, टोपी घालून अंगणात आलो, हात पुढं केला, "किल्ली."

कौसल्या नवं लुगडं नेसलेली. डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, जीपच्या उजव्या बाजूनं चढली, सीट पुढं ओढली, आरसा फिरवला आणि चावी घातली. मला वाटलं, थट्टा करतेय. इंजिन सुरू झालं.

"बसा डावीकडनं," ती म्हणाली.

"उतर खाली! डोकं फिरलं का तुजं? खायचं काम हाय व्हय ते?"

"बसायचं आसंल तर बसा. तारीख आजची हाय."

आणि तिनं जीप रिव्हर्स घेतली. त्याच फाटकातून, जे मला दोन वर्षं वाकडं वाटतंय. दोन्हीकडं सारखं अंतर. मी पळत जाऊन डावीकडून चढलो. ह्या जीपच्या डाव्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसलो. तिथं शेतकी अधिकारी बसायचे.

निमगावचा रस्ता सोडून तिनं बारामतीची वाट धरली. उसाच्या ट्रॉल्या पुढं चाललेल्या. मी दांडी घट्ट धरून बसलो होतो, तोंडचं पाणी पळालेलं. चढाला तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच दोनदा दाबून, जसा ह्या जीपला लागतो तसा. इतरांच्या हातात ही जीप गुरगुरते. तिच्या हातात हूं नाही की चूं नाही.

"कवा शिकलीस?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. रेश्मानं शिकवलं, तिच्या गाडीवर. मग तुमी इंदापूरला जायचात तवा ही."

"गुडघा?"

"गुडघा बरा हाय माजा."

ओरडायला तोंड उघडलं आणि समोरून ट्रॉली आली म्हणून मिटलं.

बारामतीला पोचलो. रांगेत लागलो. निरीक्षक एक तरुण मॅडम होत्या. जीपपाशी आल्या आणि कौसल्याला बघून हसल्या. "काय मावशी, गाडीनं आठाचा आकडा काढून दाखवलात त्या तुम्हीच ना? आज कुणाला घेऊन आलात?"

म्हणजे परवाना पण काढलाय! मी मॅडमकडं बघतो, कौसल्याकडं बघतो, माझी टोपी हातात आलेली.

मॅडमनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, रंगावर हात फिरवला. "छान केलंय घरच्या घरी." मला जरा बळ आलं. मग कागद आणि पेन्सिल घेऊन त्या चाकाशी वाकल्या. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. हे मला ऐकून माहीत, पण प्रत्येक वेळी त्या कामाला एजंट असायचा आणि मी चहाला. मी समजत होतो की बॉनेटखाली पट्टी आहे तोच नंबर.

मॅडम वाकूनच राहिल्या. मग उठल्या, तोंडावरचं हसू गेलेलं. "नंबर कुठंय? इथं काहीच नाही. घासून काढलाय का?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. मागं रांगेतली माणसं माना लांब करून बघायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, तितं नंबर न्हवता. गंजाचे खड्डे हुते. मी पुट्टी भरली."

"खड्डे कसले काका? ठसठशीत आकडे असतात."

कौसल्यानं केसांतला आकडा काढला, सरळ केला आणि मॅडमना म्हणाली, "खरडू का?" त्या हो म्हणाल्या. ती लुगड्यासकट मातीत गुडघ्यावर बसली आणि टोकरायला लागली. पुट्टीचे पापुद्रे पडत होते. मग तिनं गाडीतली थिनरची चिंधी फिरवली, बाजूला झाली.

मॅडम उभ्या उभ्याच, नुसती मान झुकवून, एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागल्या आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी वाकलो होतो. भर उन्हात. मला गंजाचे खड्डे दिसत होते. नुसते खड्डे. आणि त्या वाचत होत्या.

"जुळला," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून आवाज हळू केला. "काका, गाडी पास आहे. पण ही तुम्ही चालवत होता?"

माझ्याऐवजी कौसल्या म्हणाली, "आता मी चालवती."

गाडी पास झाली आणि मला आनंद होईना. बाहेर पडल्यावर तिनं जीप शेळगावकडं वळवली नाही. म्हटलं कुठं? म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरकडं, रेश्मा तिथं थांबलीय. मग तीच बोलली, रस्त्यावरची नजर न काढता.

"दोन वर्सं बघतीय मी. फाटक घासलं, टाकी घासली. सांगितलं आसतं तर ऐकलं आसतं तुमी? मला वाटायचं, ह्यो माणूस येक दिवस कुणाला तरी मारणार, न्हायतर सवता मरणार. काय बी झालं तरी गाडी हाकायला कुणीतरी पायजे. म्हणून शिकले. सारजा पडली तवा मला वाटलं, उशीर झाला मला."

तिचे डोळे भरले होते, पण हात स्टेअरिंगवरून हलला नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला लाज वाटली. एवढी, की मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

११ फेब्रुवारी

कालचं दवाखान्यातलं राहिलं लिहायचं.

एक मशीन आहे. पांढऱ्या घमेल्यासारखं. त्यात हनुवटी ठेवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कुठंही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं झालं, टकाटक दाबत गेलो. मग डाव्याची पाळी. एकदा दोनदा दाबलं आणि मग सगळं थांबलं. मी वाट बघतोय. उजेड येईना. शेवटी वैतागून ओरडलो, "अगं पोरी, मशीन बंद पडलं तुमचं."

ती मुलगी म्हणाली, "चालू आहे आबा. दिवे लागतायत."

रेश्मा दारात उभी होती, तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. लागतायत.

घमेल्यात मी एकटाच बसून होतो आणि माझ्याभोवती दिवे लागत होते, विझत होते. जन्मात एवढा घाबरलो नव्हतो.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली, उजव्याला नुकती सुरुवात. पेपरचं काळं-पांढरं कळतं, पण पत्र्यावर उमटवलेले आकडे, एकाच रंगातलं काही, ओळखू येत नाही. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मी विचारलं, परत कधी येणार? ते म्हणाले, "गेलेली येत नाही काका. राहिलेली राखायची. थेंब रोज टाकायचे."

कौसल्या माझ्याकडं बघत होती. दोघांनाही तेच आठवलं असणार. मी मान खाली घातली आणि रडलो. डॉक्टरांसमोर, सुनेसमोर. सुनेनं पाठीवर हात ठेवला.

१६ फेब्रुवारी

आज जीपच्या डाव्या बाजूला एकटाच बसून राहिलो. वर रंग आहे, पण मला खालचे ओरखडे सगळे पाठ आहेत. हे फाटक. ही टाकी. ही चिंच. हे काय ते माहीत नाही. हेही माहीत नाही. दोन वर्षांत मी कुणाकुणाला घासून गेलो आणि घरी येऊन चहा प्यालो?

ओल नव्हती ती. जिथं जिथं मला दिसलं नाही, तिथं तिथं गंज आला होता.

२१ फेब्रुवारी

सोडलेली लाल पट्टी आज रंगवली. गन नको म्हटलं, ब्रशनं. कौसल्या शेजारी पाटावर बसून सांगत होती, वर, अजून वर, हां, आता डावीकडं. मी तेवढं तेवढं रंगवत गेलो. जरा वेगळा हिरवा दिसतोय म्हणाली. दिसू दे.

संध्याकाळी ती म्हणाली, निमगावहून पेंड आणायचीय, येताय का? टोपी घातली आणि डावीकडून चढलो. सवय नाही, उजवा पाय सारखा ब्रेक शोधतो. ती हसते.

लिंबाच्या वळणावर आलो. मी सरळ बघत होतो. रस्ता मोकळा. मग डॉक्टरांनी शिकवल्यासारखी मान पूर्ण डावीकडं वळवली. लिंबाखाली सारजा उभी होती. कोपराला पट्टी, डोक्यावर भारा, आम्ही जावं म्हणून थांबलेली. मी मान पुन्हा सरळ केली. ती नव्हती. वळवली. होती.

ती एवढी जवळ होती की हात लांब केला असता तर भाऱ्याला लागला असता.

"थांबव," मी म्हटलं. "मला उतरायचंय. सारजेशी बोलायचंय."

"ब्रेकवरच पाय हाय माजा," कौसल्या म्हणाली. "मला मघाशीच दिसली ती."